भीड भिकेची बहीण

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला पूर्वी वही नसे. आम्ही नोकरदार माणसे. पहिल्या तारखेला पगार घ्यावा आणि वीस तारखेपासून पुढच्या पहिल्या तारखेची वाट पाहावी, यापलीकडे आमचा आणि लक्ष्मीचा फारसा व्यवहार नव्हता. बत्तीस वर्षे मी बॉयलरच्या धगीपाशी काढली. निवृत्त झालो आणि स्वतंत्र सल्लागार म्हणून दारावर पाटी लावली, त्या दिवाळीत मात्र पत्नीने चौरंगावर लाल कापडी बांधणीची एक कोरी वही आणून ठेवली. म्हणाली, "आता तुम्ही व्यवसायवाले झालात. हिच्यात काहीतरी लिहावं लागेल."

लिहिण्याजोगे पहिले काम दोनच महिन्यांत आले. एका कारखान्यात कोळसा फार जळत होता. मी अकरा दिवस तेथे राहिलो. गरम पाणी बॉयलरकडे परत न जाता गटाराला मिळत होते, आणि नळांवरचे आवरण जागोजाग उखडले होते. दोष शोधले, नकाशा काढला, उपाय लिहून दिले. निघताना मालकांनी विचारले, "आपली फी काय?" मी मान खाली घालून म्हणालो, "आपल्याला योग्य वाटेल ते." त्यांना शाल, श्रीफळ आणि एक पाकीट योग्य वाटले. पाकिटातून गाडीभाडे आणि खानावळ वजा केली, तेव्हा शिल्लक उरली ती शालच. पत्नीने शाल घडी करून कपाटात ठेवली आणि एवढेच म्हणाली, "भीड भिकेची बहीण असते, हे माझी आजी सांगायची."

त्या रात्री मला झोप आली नाही. वाटले, हा पेच माझ्या एकट्याचाच आहे की काय? ज्याच्याजवळ विकायला माल नाही, नुसती अक्कल आहे, त्याने तिचा भाव कसा ठरवावा? मग मी जुनी पुस्तके काढून बसलो. पाहतो तो काय, ज्याच्या नावाने आपण विजेचा दिवादेखील मोजतो, तो जेम्स वॅट याच पेचात माझ्याहून खोल रुतलेला!

वॅट हा स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक गावचा, जन्म १७३६ चा. त्याच्या आधी, १७१२ पासून, न्यूकोमेनचे वाफेचे यंत्र खाणींतले पाणी उपसत होते. त्या यंत्रात एक मोठी खोट होती. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग थंड पाण्याचा फवारा मारून ती निववायची, म्हणजे दट्ट्या खाली येई. पण त्याबरोबर सिलिंडरही गार होई आणि पुढच्या खेपेला तो पुन्हा तापवावा लागे. चूल पेटवायची, विझवायची आणि पुन्हा पेटवायची, असला हा स्वयंपाक. १७६५ साली वॅटला युक्ती सुचली, की वाफ निववायला निराळे पात्र ठेवावे आणि सिलिंडर सदा गरमच राहू द्यावा. १७६९ साली त्याला पेटंट मिळाले.

पण पेटंटने पोट भरत नाही. यंत्र सिद्ध व्हायला अजून अवकाश होता. मधल्या काळात वॅटने कालव्यांची मोजणी पत्करली. मंकलंड कालव्याच्या कामावर त्याला वर्षाला २०० पौंड मिळत. मोजणी, मजुरांवर देखरेख, हिशेब, सारेच त्याच्या गळ्यात. आणि हिशेबाचे तर त्याला भय. कुणाशी सौदा करण्यापेक्षा किंवा हिशेब मिटवण्यापेक्षा भरलेल्या तोफेसमोर उभे राहणे बरे, अशा अर्थाचे त्याने एका मित्राला लिहिले आहे. हे वाचले आणि मला त्या थोर माणसाच्या गळ्यात पडावेसे वाटले!

सल्लागाराचा धंदा तेव्हा इंग्लंडात नुकताच उभा राहत होता. एडिस्टनचे दीपगृह बांधणारा जॉन स्मीटन स्वतःला 'सिव्हिल इंजिनियर' म्हणवू लागला होता. तो पाहणी करी, अहवाल लिही, नकाशे देई, आणि रोजची देखरेख जागेवरच्या माणसावर सोपवी. अशा इंजिनियरांची मंडळी लंडनमध्ये १७७१ साली स्थापन झाली. या थोरांचा मोबदला गिनीत मोजायचा. गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंडाहून एका शिलिंगाने वरचढ. सोन्याची ती गिनी १८१४ नंतर पाडलीच गेली नाही, पण वकील-डॉक्टरांची बिले पुढे दीडशे वर्षे तिच्यातच होत राहिली. आपल्या मुंबईच्या हायकोर्टातही तीच तऱ्हा. सोन्याची मोहोर बाजारातून कधीच उठली, तरी बॅरिस्टरांची फी मोहोरांतच बोलली जाई. मोहोर म्हणजे पंधरा रुपये. मेलेले नाणे फीच्या रूपाने जगते, याचे कारण मला आता कळते. पंधरा रुपये मागायला जीभ अडखळते. एक मोहोर म्हटले, की देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही मान राहतो.

वॅटचे नशीब असे, की त्याला मॅथ्यू बोल्टन भेटला. बर्मिंगहॅमचा हा कारखानदार सौद्यांत तरबेज. १७७५ साली दोघांची भागीदारी झाली, आणि त्याच वर्षी पार्लमेंटने पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून दिली. एक गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. पहिली वीस वर्षे ही जोडी आख्खे यंत्र विकतच नव्हती. सिलिंडर विल्किन्सनच्या कारखान्यातून गिऱ्हाइकाने घ्यावा, लाकूड-विटा त्याने जमवाव्या; बोल्टन आणि वॅट यांनी नकाशे द्यावे, काही नाजूक भाग द्यावे आणि उभारणीला जाणता माणूस पाठवावा. म्हणजे विकायचे ते शहाणपण. मग त्याचे दाम कसे घ्यायचे?

त्यांनी काढलेली तोड आजही थक्क करते. जुने यंत्र तेवढ्याच कामाला किती कोळसा खाईल ते काढायचे, नवे किती खाते ते मोजायचे, आणि जी बचत होईल तिचा तिसरा हिस्सा पेटंटची मुदत संपेपर्यंत घ्यायचा. बचत नाही तर फी नाही! कॉर्नवॉलमध्ये तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणी होत्या, पण कोळसा नव्हता. तो वेल्सहून गलबतांनी येई. तेथे या यंत्राला उदंड मागणी आली. यंत्राच्या तुळईवर एक कुलूपबंद डबी बसवलेली असे. तुळई एकदा हलली, की आत एक आकडा पुढे सरके. महिनाअखेर किल्ली घेऊन माणूस यायचा आणि आकडे उतरून न्यायचा.

न्याय्य व्यवस्था नाही का? मलाही वाटले, की हीच आपली रीत. पण पुढचे पान उलटले आणि हात थांबला. पहिल्या वर्षी खाणवाल्याला वाचलेला कोळसा दिसे. पाचव्या वर्षी तो दिसेनासा होई, दिसे ती फक्त डबी आणि तिची किल्ली. जे वाचले ते डोळ्यांआड होते. जे द्यावे लागते ते दर महिन्याला दारात उभे राहते. तंटे वाढले. पुष्कळ ठिकाणी मोजणी सोडून ठराविक मासिक रक्कम बांधून घ्यावी लागली. खाणवाल्यांनी दुसऱ्या कारागिरांकडून यंत्रे करून घेतली, पैसे अडकवून ठेवले. हॉर्नब्लोअर आणि बुल यांच्यावर खटले भरावे लागले, आणि शेवटचा निकाल वॅटच्या बाजूने लागला तो १७९९ साली, मुदत संपायला एकच वर्ष उरले असताना.

गिरण्यांची यंत्रे आली तेव्हा ही रीत मुळातच अडली. तेथे जुने वाफेचे यंत्र नव्हतेच, घोडे होते. घोड्याचा कोळसा कसा मोजणार? तेव्हा वॅटने घोडाच मोजला. गिरणीचा घोडा बारा फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला १४४ फेऱ्या घालतो आणि १८० पौंडांचा जोर लावतो, असे धरून गणित मांडले. ते मिनिटाला ३३,००० फूट-पौंडांवर नेऊन बसवले. साधा घोडा दिवसभर एवढे काम करीत नाही. वॅटने माप मुद्दाम सढळ ठेवले, म्हणजे गिऱ्हाइकाने कुरकुर करू नये. मग दर अश्वशक्तीमागे वर्षाला पाच पौंड, लंडनमध्ये सहा. आज मोटारीच्या जाहिरातीत जी अश्वशक्ती आपण वाचतो, ती एका संकोची माणसाला आपली फी सांगता यावी म्हणून जन्माला आली! आमच्या गावचा सुतार सुगीला खळ्यावर जाऊन ठरल्या मापाने बलुते नेत असे. लोहारही नेत असे. नांगर किती वेळा दुरुस्त केला याची डबी कुणी ठेवली नव्हती. माप आधी ठरलेले, म्हणून मागताना लाज नव्हती आणि देताना खळखळ नव्हती.

या वाचनानंतर मी कोरी वही उघडली. माझी चूक आता मला स्पष्ट दिसली. मनातल्या मनात मी शेवटच्या पगाराला तिसाने भागत होतो. पण सल्लागाराला महिन्याचे तीस दिवस कोण देतो? रविवार, सणवार, प्रवास, आजारपण, कामाची वाट पाहण्यात गेलेले दिवस, नवे ज्ञान वाचण्यात गेलेले दिवस वजा केले, तेव्हा वर्षात कमाईचे दिवस मला जेमतेम शंभर दिसले. वर्षाच्या घरखर्चाला, म्हातारपणाच्या तरतुदीला आणि पुस्तकांना त्या शंभराने भागले. आलेला आकडा पाहून मीच दचकलो. पत्नीला दाखवला, तर ती म्हणाली, "आरशासमोर दहादा म्हणा, म्हणजे जीभ वळेल."

पुढच्या गृहस्थांनी स्वतःच सुचवले, "वाचेल त्यातला तिसरा हिस्सा घ्या." रक्कम मोठी झाली असती. पण मला ती कुलूपबंद डबी दिसली. मी म्हणालो, "नको. रोजाची फी अमुक, दिवस इतके, निम्मी रक्कम आधी." ते म्हणाले, "थोडं कमी करा." मी म्हणालो, "काम कमी करतो. नकाशे तुमच्या माणसांनी काढावेत. दर तोच राहील." माझा आवाज कापत होता, हे कबूल करतो. त्यांनी 'कळवतो' म्हटले आणि कधीच कळवले नाही. ते चार आठवडे घरात फार शांतता होती. पत्नी एका शब्दाने बोलली नाही, हे तिचे माझ्यावर ऋण आहे.

पाचव्या आठवड्यात दुसरे काम आले. मी तोच आकडा सांगितला. पलीकडून उत्तर आले, "ठीक आहे, सोमवारी या."

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला वहीची बरीच पाने भरलेली आहेत. एका पानावर आमच्या गावच्या पाणीयोजनेचे काम आहे. तेथे पूर्ण फी लिहिली आहे, आणि खाली 'गावासाठी माफ' असा शेरा आहे. फुकट देण्यापूर्वीही किंमत सांगावी, म्हणजे देणे हे देणे ठरते, भीड ठरत नाही. आणि वहीखाली, चौरंगावर अंथरायला पत्नीने कपाटातून ती शाल काढली आहे. म्हणते, "पहिली कमाई आहे, तिचाही मान ठेवावा."