ग्रामीण व्यसनमुक्ती कार्यातील प्रशिक्षण : रायपूर राणी ते गोवा

प्रस्तावना

‘एम्स’च्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ व्यक्तींपैकी एकीलाच कोणते ना कोणते उपचार मिळाले होते. मानसोपचारतज्ज्ञ मुख्यतः शहरांत असतात. मग खेड्यात हे काम कोणी करायचे? या प्रश्नाच्या उत्तराचे तीन टप्पे आपण पाहणार आहोत. प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी तपासायच्या आहेत : स्थानिक माणसाच्या हाती नेमके कोणते काम दिले गेले, आणि त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले?

१. आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण

१९७५ च्या सुमारास चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने डॉ. एन. एन. विग यांच्या पुढाकाराने हरियाणातील रायपूर राणी गटात एक प्रयोग सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या बहुदेशीय अभ्यासाचा तो भाग होता. त्याच काळात बंगळूरजवळ सकलवारा येथेही असे काम सुरू झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना मोजके आजार ओळखणे आणि रुग्णाचा पाठपुरावा करणे शिकवले गेले. भर तीव्र मनोविकार आणि अपस्मारावर होता. व्यसन केंद्रस्थानी नव्हते. तरीही तज्ज्ञाचे काही काम इतरांना शिकवता येते, हा विचार येथे रुजला आणि १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाला त्याचा आधार मिळाला. मात्र लसीकरणापासून कुटुंबनियोजनापर्यंतची कामे ज्यांच्या अंगावर आधीच होती, त्यांच्याच यादीत हे आणखी एक काम वाढले.

२. मांजक्कुडी : गावाचा सहभाग

शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये चेन्नईत (तेव्हाचे मद्रास) व्यसनमुक्तीसाठी संस्था स्थापन केली. त्या दशकाच्या अखेरीस संस्थेने तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील मांजक्कुडी गावात उपचार शिबिरे सुरू केली. डॉक्टर व समुपदेशक शहरातून येत. जागा, व्यवस्था आणि स्वयंसेवक गावातून मिळत. दारू एकाएकी थांबवल्यास काही रुग्णांना झटके येतात किंवा भ्रम होतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून हा टप्पा वैद्यकीय देखरेखीखालीच ठेवावा लागतो. रुग्णाला शिबिरापर्यंत आणणे, कुटुंबाला धीर देणे आणि शिबिरानंतर त्याची विचारपूस करत राहणे ही कामे मात्र ओळखीची माणसे अधिक चांगली करू शकतात. कामाची ही विभागणी हेच या प्रयोगाचे महत्त्व.

३. गोवा : सामान्य समुपदेशक

‘संगाथ’ या संस्थेने गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत पुढचे पाऊल टाकले. मानसोपचाराची व्यावसायिक पात्रता नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक नेमले गेले. अपायकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांशी ते जास्तीत जास्त चार बैठकांत संवाद साधत. ज्यांचे अवलंबित्व तीव्र असण्याची शक्यता होती, त्यांना या चाचणीत घेतले नव्हते. बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून समुपदेशक एकमेकांच्या कामाला गुण देत. देखरेख हा रोजच्या कामाचाच भाग होता. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : ३७७ पुरुषांच्या या चाचणीत तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातील ३६ टक्के जण धोक्याच्या पातळीखाली आले होते, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. फरक माफक, पण खरा होता.

समारोप

या इतिहासातून दिसते की प्रशिक्षण वर्ग संपला म्हणजे प्रशिक्षण संपत नाही. काम मर्यादित व स्पष्ट असेल, धोक्याची लक्षणे दिसताच रुग्णाला कुठे पाठवायचे हे ठरलेले असेल आणि नियमित देखरेख मिळत असेल, तरच स्थानिक कार्यकर्ता टिकतो. गोव्यातील समुपदेशक प्रकल्पाने नेमले होते. प्रकल्पाचा निधी संपल्यावर अशा व्यक्तींना पद, मानधन आणि मार्गदर्शन कोण देणार, हा प्रश्न शासनव्यवस्थेपुढे उभा राहतो. तो सुटला नाही, तर शिकलेले कौशल्य माणसाबरोबरच गावातून निघून जाते.

स्वाध्याय

१. रायपूर राणी आणि गोवा येथील प्रशिक्षणार्थींच्या भूमिकांमधील फरक स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील आशा कार्यकर्तीवर व्यसनमुक्तीचे काम सोपवायचे झाल्यास कोणते काम द्यावे आणि कोणते देऊ नये? कारणांसह लिहा.