जात्यावरची शिकवण : विजापूरच्या सूफींचा एक धडा

मुलांच्या मनावर सद्विचार बिंबवावेत कसे, हा प्रश्न शाळेइतकाच जुना आहे. तो नीतिपाठाच्या तासावर सोपवून आपण बहुधा मोकळे होतो. दख्खनच्या इतिहासात मात्र या प्रश्नाचे एक निराळे उत्तर जात्यापाशी सापडते.

आदिलशाहीच्या काळात विजापूर शहराबाहेर, शाहपूरच्या टेकडीवर, चिश्ती सूफींचे एक घराणे नांदत होते. मीरांजी शम्सुल उश्शाक, त्यांचे पुत्र बुरहानुद्दीन जानम आणि नातू अमीनुद्दीन आला (मृत्यू १६७५) हे त्यातील प्रमुख पुरुष. अरबी-फारसी न जाणणाऱ्या लोकांसाठी आपण देशी बोलीत लिहितो, असे मीरांजींनी स्पष्ट सांगितले आहे. ही बोली म्हणजे दखनी. आपला ‘नको’ आणि आपला ‘च’ तिने मराठीकडूनच घेतला.

या परंपरेतून पुढे ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ या नावांची गीते निर्माण झाली. दळणाऱ्या आणि सूत कातणाऱ्या स्त्रियांसाठी ती रचलेली होती. जात्याचा खुंटा म्हणजे अल्लाच्या नामाचे आद्याक्षर अलिफ, मधला आस म्हणजे पैगंबर, आणि प्रत्येक फेऱ्यासरशी नामस्मरण, अशी त्यांतील योजना आहे. चरख्याच्या गीतात देहच चरखा होतो आणि गाफीलपणा टाकण्याचा उपदेश येतो. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील आपल्या १९७८ च्या ग्रंथात या गीतांचे महत्त्व विस्ताराने दाखविले. आईच्या मांडीवरील मूल ही शिकवण अक्षरओळखीपूर्वीच ऐकत असे, हे त्यांतील मर्म होय.

कामाबरोबर गाण्याची ही रीत सूफींनी आणलेली नव्हती. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद कल्याणीच्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त बाराव्या शतकातच आहे. जनीबरोबर विठ्ठल दळू लागल्याची कथा तर घरोघरची. सूफींनी हे चालते पात्र ओळखले आणि त्यात आपला आशय ओतला. पात्र देशी म्हणून त्यांनी आशय पातळ केला नाही. आशय इस्लामी म्हणून पात्रही टाकले नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ ओवीत रचला, तेव्हा तेही याच भूमीच्या छंदाचा आश्रय करीत होते.

येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. ऐक्याची घोषणा म्हणून ही गीते रचली गेली नाहीत. ईश्वरस्मरण आणि गुरुनिष्ठा हाच त्यांचा हेतू होता. आजच्या घोषणा त्यांच्या मुखी घालणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा, आणि अप्रामाणिकपणे शिकविलेली नीती मुले तत्काळ ओळखतात. या गीतांचा खरा धडा शिक्षणपद्धतीचा आहे : मूल्य शब्दाने सांगून भागत नाही, ते हाताच्या नित्याच्या कामाशी बांधावे लागते.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते मुके झाले. त्याची जागा आमच्या शाळांत कोणत्या कामाने घेतली? बागेला पाणी घालणे, वर्ग झाडणे, पुस्तकास पुठ्ठा घालणे ही कामे आपण शिक्षा म्हणून देतो, संस्कार म्हणून क्वचितच. बेळगाव, हैदराबाद येथील आमच्या वर्गांत मराठी आणि दखनी बोलणाऱ्या घरांतील मुले शेजारी बसतात. त्यांच्यापुढे ओवी आणि चक्कीनामा एकत्र ठेवावा, आणि दोन्ही घरांच्या आज्यांना काय आठवते ते मुलांनीच विचारून आणावे. आमच्या मते नीतिपाठाचा याहून चांगला प्रारंभ नाही.