अतिदक्षता विभागाचा उदय आणि आईबापांचे स्थान

रुग्णालयांतील अतिदक्षता विभागाचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वास्तविक त्याचा आरंभ यंत्रांच्या अभावातून झाला, आणि तोही एका बारा वर्षांच्या मुलीच्या खाटेपाशी. या विभागात रुग्ण म्हणून आलेल्या मुलांना व त्यांच्या आईबापांना कोणते स्थान मिळाले, याचा विचार मात्र त्या मानाने उशिरा झाला.

इ. स. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगन येथे बालपक्षाघाताची (पोलिओची) मोठी साथ उद्भवली. जुलै ते डिसेंबर या काळात ब्लेगडाम रुग्णालयात सुमारे २,७०० रुग्ण आले. त्यांपैकी तीनशेंहून अधिक जणांना श्वसनासाठी साहाय्य लागले. रुग्णालयात मोठे श्वसनयंत्र एकच होते, आणि छातीवर बसविण्याची लहान यंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा प्रमुख वैद्य लासेन यांनी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांस पाचारण केले. रोगी मेंदूच्या दाहाने नव्हे, तर रक्तात साठणाऱ्या कार्बन डायॉक्साइडने मरत आहेत, असे इब्सेन यांचे निदान होते. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी त्या मुलीच्या श्वासनलिकेस छेद देऊन नळी बसविली, रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास पुरविला, आणि ती वाचली.

ही पद्धत शेकडो रुग्णांना लागू करावयाची, तर हात हवे होते. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळीपाळीने खाटांशी बसले आणि आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूचे प्रमाण पुढे निम्म्याहून खाली आले. डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी त्याच शहराच्या महापालिका रुग्णालयात अशा सेवेचा स्वतंत्र विभाग उघडला.

परंतु गळ्यात नळी बसली की वाचा जाते. शुद्धीवर असलेल्या मुलास आपली तहान, वेदना वा भीती डोळ्यांनी व ओठांच्या हालचालींनीच सांगावी लागे. हे संकेत ओळखण्याचे काम खाटेशी बसणाऱ्यावर पडले. हे संकेत जे सर्वांत सहज ओळखू शकले असते, ते आईबाप. पण त्या काळी पाश्चात्त्य देशांतील बहुतेक रुग्णालयांत, विशेषतः सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयांत, त्यांच्या भेटींवर कडक निर्बंध असत. आईबाप हे ‘भेटीस येणारे’ ठरत; शुश्रूषेचे घटक नव्हेत.

हा दृष्टिकोण बदलण्यास चालना मिळाली ती इंग्लंडात. १९५२ सालीच जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढून विरहाचे परिणाम दाखविले. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने आईबापांना मुक्त प्रवेश द्यावा आणि किशोरवयीनांची सोय वेगळी असावी, अशी शिफारस केली. तिची अंमलबजावणी मंद गतीने झाली.

आईबाप जवळ असले, तरी दोघांचा अनुभव एक होत नाही. लंडनमध्ये झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अतिदक्षता विभागातून परतलेल्या ७ ते १७ वर्षांच्या १०२ रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांनी भ्रमरूप आठवणी सांगितल्या. गुंगीच्या औषधांमुळे मुलाची स्मृती खंडित होते. आईबापांना मात्र तेच दिवस तासातासाने आठवतात. घरी परतल्यावर एकाजवळ प्रश्न असतात, तर दुसऱ्याजवळ न सांगवणारी उत्तरे. स्कॅन्डिनेव्हियात १९८० च्या दशकापासून परिचारिका व नातलग रुग्णासाठी दैनंदिनी लिहू लागले, ती ही दरी भरून काढण्यासाठीच.

‘अतिदक्षता’ हा मराठी शब्द येथे विचारणीय ठरतो. दक्षता हा जागणाऱ्याचा गुण. तो शब्द पहारा करणाऱ्याचे वर्णन करतो, निजलेल्याचे नव्हे. कोपनहेगनमध्ये ही दक्षता प्रथम परक्या विद्यार्थ्यांच्या हातांनी पाळली गेली. दाराबाहेर बाकावर रात्र काढणाऱ्या आईबापांची दक्षता त्याच सेवेचा भाग आहे, हे मान्य होण्यास मात्र त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली. आणि जेथे ते बाक अजून दाराबाहेरच आहेत, तेथे हा इतिहास पूर्ण झाला असे म्हणता येत नाही.