पाळीव घोडा व गाढव यांमधील साहचर्य

पाळीव घोडा व गाढव यांमधील साहचर्य म्हणजे एकत्र राहणाऱ्या दोन किंवा अधिक प्राण्यांमध्ये निर्माण होणारी दीर्घकालीन सोबतीची ओढ. हे प्राणी मूळचे कळपाने राहणारे असल्याने पाळीव स्थितीतही त्यांना सजातीय सोबतीची गरज असते.

स्वरूप

घोडे कळपातील ठरावीक सोबत्यांजवळच चरतात व विसावतात. ते एकमेकांची मान व खांदे दातांनी खाजवतात. मानेच्या बुडाशी असे खाजवले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. उन्हाळ्यात दोन घोडे विरुद्ध दिशांना तोंडे करून शेजारी उभे राहतात व शेपटीने एकमेकांच्या तोंडावरील माश्या वारतात. गाढवांमध्ये बहुधा दोघांची घट्ट जोडी जमते.

विरहाचे परिणाम

एकट्या बांधलेल्या घोड्यात सतत खिंकाळणे, जागच्या जागी डुलणे अशा सवयी दिसू शकतात. गाढवाचे दुःख मात्र चटकन लक्षात येत नाही. ते केवळ गप्प राहते व चारा सोडते. उपाशी गाढवाच्या शरीरातील चरबी रक्तात उतरून मेदाचे प्रमाण घातक पातळीला जाऊ शकते व त्यातून मृत्यूही ओढवतो. त्यामुळे जोडीदार गेल्यानंतर गाढवाने खाणे सोडल्यास त्वरित पशुवैद्यास दाखवणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील स्थिती

मेंढपाळ धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारी भीमथडी घोडी-शिंगरे एकत्र चालतात व चरतात. कुंभार, वडार, बेलदार आदी समाजांत ओझ्यासाठी गाढवे पाळण्याची परंपरा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील मढी (ता. पाथर्डी) येथे कानिफनाथांच्या यात्रेत, तसेच जेजुरी येथे पौष पौर्णिमेस गाढवांचा बाजार भरतो. सारंगखेडा (जि. नंदुरबार) येथील दत्तजयंतीची यात्रा घोड्यांसाठी प्रसिद्ध आहे. बाजारात जनावराचे वय दातांवरून, तर घोड्याची चाल फिरवून पाहता येते; त्याचा जोडीदार कोणता, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. अशा खरेदी-विक्रीत जमलेल्या जोड्या फुटण्याचा संभव असतो.

संगोपन

शक्य तेथे जोडी एकत्रच विकत घ्यावी. जोडीतील एकास उपचारासाठी न्यावयाचे झाल्यास दुसऱ्यालाही सोबत न्यावे. सोबती मेल्यास जिवंत जनावराला मृतदेहाजवळ काही काळ राहू द्यावे, असा सल्ला दिला जातो. नव्या जनावराची ओळख प्रथम कुंपणापलीकडून करून द्यावी. सजातीय सोबत अशक्य असल्यास शेळी काही अंशी उपयोगी ठरते. माणसाची माया मात्र रात्रंदिवसाच्या सोबतीची जागा घेऊ शकत नाही. स्वित्झर्लंडमध्ये घोड्याला दुसऱ्या घोड्याचे दर्शन, आवाज व गंध मिळणे कायद्याने बंधनकारक आहे.