मेअर, गोल्डा
(३ मे १८९८–८ डिसेंबर १९७८). इझ्राएलची पंतप्रधान (१९६९–७४). पूर्वाश्रमीचे आडनाव माबोव्हिच. रशियन साम्राज्यातील कीव्ह येथे एका गरीब ज्यू सुताराच्या घरी जन्म. दंगलीच्या अफवेने भयभीत झालेले वडील दाराला फळ्या ठोकीत आहेत, ही तिची अगदी पहिली आठवण. १९०६ मध्ये ती आई व बहिणींसह अमेरिकेतील मिलवॉकी येथे वडिलांकडे आली. तेथे विवाहित शिक्षिकांना नोकरी मिळत नसे. त्यामुळे शिक्षिका होण्याच्या तिच्या इच्छेस आईवडिलांनी विरोध केला. तेव्हा ती घरातून पळून डेन्व्हरला थोरल्या बहिणीकडे गेली. त्यांनी नमते घेतल्यावर ती परतली व १९१६ मध्ये अध्यापक-विद्यालयात दाखल झाली. पुढे तिने यिडिश शाळेत अध्यापन केले. हा काळ अल्प होता; तथापि गुंतागुंतीचा प्रश्न सोप्या व ठाम वाक्यांत मांडण्याची हातोटी तिला वर्गातच साधली असावी. राजकारणात हेच तिचे बळ ठरले आणि उणीवही.

मॉरिस मेयरसनशी विवाह (१९१७) झाल्यानंतर १९२१ मध्ये हे दांपत्य पॅलेस्टाइनला गेले. मेर्‌हाव्हिया या सामुदायिक वसाहतीत काही वर्षे काढल्यावर ती कामगार चळवळीत शिरली. १९४८ च्या आरंभी तिने अमेरिकेतील ज्यूंकडून सु. ५ कोटी डॉलर जमविले. इझ्राएलच्या स्वातंत्र्यघोषणेवर (१४ मे १९४८) सही करणाऱ्या ३७ जणांत दोनच स्त्रिया होत्या; त्यांपैकी ती एक. त्यानंतर तिने काही महिने मॉस्कोत राजदूतपद सांभाळले.

मजूरमंत्री (१९४९–५६) म्हणून तिने केलेले काम सर्वांत भरीव म्हणावे लागेल. तीन-साडेतीन वर्षांत देशाची लोकसंख्या दुप्पट झाली. तंबूंत राहणाऱ्या निर्वासितांसाठी तिने घरे व रस्ते बांधविले आणि राष्ट्रीय विमा कायदा (१९५३) संमत करून घेतला. मात्र हे स्वागत सर्वांना सारखे लाभले नाही. कोकणातून गेलेल्या मराठी भाषक बेने इझ्राएलांपैकी काहींनी वर्णभेदाच्या तक्रारीवरून तेल आवीव्ह येथे धरणे धरले व १९५२ मध्ये ते मुंबईस परतले. बेने इझ्राएल हे सर्वार्थाने ज्यूच आहेत, असे इझ्राएलच्या संसदेस १९६४ मध्ये जाहीर करावे लागले. त्या वेळी मेअर परराष्ट्रमंत्री (१९५६–६६) होती. ‘मेअर’ हे हिब्रू आडनाव तिने हे पद स्वीकारताना घेतले. नवस्वतंत्र आफ्रिकी राष्ट्रांना तज्ञांचे साहाय्य देण्याचे धोरण तिने राबविले. भारताने मात्र १९५० मध्ये मान्यता देऊनही पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्येच प्रस्थापित केले.

लेव्ही एश्कोलच्या निधनानंतर मार्च १९६९ मध्ये ती पंतप्रधान झाली. सिरिमाव्हो बंदरनायके व इंदिरा गांधी यांच्यानंतरची ही जगातील तिसरी स्त्री-पंतप्रधान. पॅलेस्टिनी असे वेगळे लोक नव्हतेच, हे तिचे त्याच वर्षीचे विधान टीकेस पात्र ठरले. स्वतः परागंदा कुटुंबात वाढलेल्या स्त्रीने दुसऱ्यांचे विस्थापन असे नाकारावे, हा विरोधाभास तिच्या चरित्रकारांना टाळता आलेला नाही. ईजिप्तचा अध्यक्ष अन्वर सादात याने १९७१ मध्ये मांडलेला तडजोडीचा प्रस्तावही तिला विश्वासार्ह वाटला नाही. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी ईजिप्त व सिरिया यांनी अचानक हल्ला केला. २,५०० हून अधिक इझ्राएली सैनिक मारले गेले. चौकशी आयोगाने तिला दोषी धरले नाही. पण लोकक्षोभ शमेना, तेव्हा एप्रिल १९७४ मध्ये तिने राजीनामा दिला. तिचे आत्मचरित्र १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर १९७७ मध्ये सादात जेरूसलेमला आला असता त्याच्या भेटीस ती हजर होती. पुढच्याच वर्षी तेथेच कर्करोगाने तिचे निधन झाले.