सीमाभागातील शाळा समित्या : निवड आणि हिशेब

बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या काळी तेथील प्राथमिक शाळांचा कारभार स्कूल बोर्डांकडे असे. राज्य पुनर्रचनेनंतर बेळगाव, निपाणी हा भाग आजच्या कर्नाटकात गेला. पुढे डॉ. राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालील कृती दलाच्या शिफारशींनंतर २००१ मध्ये सरकारी शाळांसाठी शाळा विकास व देखरेख समित्या, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एसडीएमसी’, स्थापन झाल्या. त्यांना देशव्यापी कायद्याचा आधार मिळाला तो २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने.

या कायद्याच्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान द्यावे लागते. शाळेवर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची कामे होत. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत दरमहा बैठक, इतिवृत्त जनतेला उपलब्ध करणे, स्वतंत्र खाते आणि वार्षिक लेखापरीक्षण यांचा समावेश आहे. अनुदानित खासगी व अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत मात्र २०१२ च्या दुरुस्तीनुसार समितीची भूमिका केवळ सल्लागाराची आहे. सीमाभागात संस्थाचालित मराठी शाळाही असल्याने हा फरक पालकांनी आधी समजून घ्यावा. सरकारी शाळेत जो अधिकार आहे, तो तेथे मागून मिळणार नाही.

निवड पालकसभेतून व्हावी, हे तत्त्व निर्विवाद आहे. पण सभेची सूचनाच पोहोचली नाही, किंवा पालकाला न वाचता येणाऱ्या भाषेत पोहोचली, तर ‘बिनविरोध निवड’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. मराठी शाळेच्या बाबतीत प्रस्तुत लेखकाला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या राष्ट्रीय संरक्षण योजनेत, ज्या स्थानिक क्षेत्रात अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण १५ टक्के वा अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे ठरलेले आहे. मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचा निर्देश घटनेच्या कलम ३५०-अ मध्ये आहे, तर कलम ३५०-ब नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो. त्यांच्याकडे तक्रार करता येते. पालकसभेची सूचना आणि निवडलेल्या सदस्यांची यादी मराठीतूनही फलकावर लावण्याची मागणी या आधारे करता येते.

पालकसभेची उपस्थितीपत्रिका, निवडीचा ठराव व खर्चाचा तपशील माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागता येतो. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळणे बंधनकारक आहे. न मिळाल्यास प्रथम अपील करता येते. येथेही भाषेची अडचण आहेच. कलम ६ नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावयाचा असतो. निपाणीच्या पालकाने तो मराठीत लिहिला, तर स्वीकारण्याचे बंधन कार्यालयावर नाही. लेखी अर्ज करणे शक्य नसेल, तर तोंडी मागणी लिहून घेण्यास मदत करणे हे मात्र माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य त्याच कलमात सांगितले आहे.