आयपी पत्ता काढणे (लिनक्स)

लिनक्सच्या नेटवर्क इंटरफेसवरून आयपी पत्ता कमांडने काढून टाकण्याची क्रिया. पत्ता जोडणे आणि काढणे या एकमेकींच्या उलट क्रिया असाव्यात, असा बहुतेकांचा समज असतो. तो पुष्कळदा खोटा ठरतो. एकच पत्ता काढायला सांगितला, तरी त्याच्याबरोबर शेजारचे पत्ते आणि कधी कधी सगळे राउटही जातात. लांबच्या सर्व्हरवर एसएसएचने बसलेल्या माणसाला त्रुटीचा संदेशही दिसत नाही. टर्मिनल नुसते गोठते.

कारण कर्नलच्या हिशेबात आहे. एका इंटरफेसवर एकाच सबनेटचे, एकाच मास्कचे अनेक पत्ते असतील, तर आधी जोडलेला प्रायमरी आणि नंतरचे सेकंडरी धरले जातात. सबनेटचा राउट प्रायमरीच्या नावावर तयार होतो. बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर सहसा त्याचाच पत्ता लागतो.

समजा, ईथ० या इंटरफेसवर १९२.०.२.१०/२४, १९२.०.२.११/२४ आणि १९२.०.२.१२/२४ हे पत्ते याच क्रमाने जोडले आहेत. ‘आयपी ॲड्रेस शो’ दिल्यावर शेवटच्या दोघांपुढे ‘सेकंडरी’ असे छापून येते. हा शब्द सहज नजरेतून सुटतो. आता ११ काढला, तर फक्त ११ जातो. पण १० काढला, तर मूळ नियमाप्रमाणे तिन्ही जातात. कमांड मात्र काही विचारत नाही आणि यशस्वी झाल्याचेच कळवते. पत्ते एकेक करून काढणारी स्क्रिप्ट पुढे ११ काढायला गेली, की ‘मागितलेला पत्ता नेमता येत नाही’ अशा अर्थाची त्रुटी येत असे. पत्ता नेमायला कोणी सांगितलेलेच नसल्याने या संदेशाने गोंधळात भरच पडे.

याची सर्वांत वाईट झळ सावध माणसाला बसते. इंटरफेसवरचा शेवटचा आयपीव्ही४ पत्ता गेला, की त्या इंटरफेसमधून जाणारे आयपीव्ही४चे सगळे राउट कर्नल पुसून टाकतो, डिफॉल्ट राउटसुद्धा. पत्ता पुन्हा जोडल्यावर सबनेटचा राउट परत येतो, डिफॉल्ट येत नाही. म्हणून जाणकार सांगतात की आधी नवा पत्ता जोडा, मग जुना काढा. सल्ला रास्त आहे. पण नवा पत्ता त्याच सबनेटचा आणि त्याच मास्कचा असेल, तर तो सेकंडरी म्हणूनच नोंदला जातो. मग जुना काढताक्षणी नवाही जातो, आणि त्यांच्या मागोमाग राउट.

यावर कर्नलमध्ये ‘प्रमोट सेकंडरीज’ नावाची सेटिंग आहे. तिची किंमत १ केली, तर प्रायमरी गेल्यावर पुढचा सेकंडरी त्याच्या जागी बसतो आणि बाकीचे शाबूत राहतात. ‘ऑल’खाली किंवा त्या इंटरफेसखाली, कुठेही एका जागी १ असले तरी पुरते. कर्नलची स्वतःची किंमत ० आहे. सिस्टमडी आपल्या मूळ सेटिंगमध्ये ती १ करते. त्यामुळे एकच कमांड एका यंत्रावर निरुपद्रवी, तर दुसऱ्यावर घातक ठरते.

दुसरा उपाय मास्कचा. जादा पत्ते /३२ मास्कने जोडले, तर मास्क जुळत नसल्याने ते कोणाचे सेकंडरी होत नाहीत. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सरकणारा पत्ता सांभाळणारे कीपअलाइव्हडी मास्क न दिल्यास /३२च धरते. फ्रीबीएसडीमध्येही त्याच सबनेटच्या जादा पत्त्याला २५५.२५५.२५५.२५५ हा मास्क देण्याचा प्रघात आहे.

मास्क गाळण्यातही एक खोच आहे. जोडताना मास्क दिला नाही, तर /३२ गृहीत धरतात. काढताना दिला नाही, तर मास्क कोणताही असो, जुळलेला पत्ता काढला जातो. त्या वेळी ‘जुन्या स्क्रिप्ट चालाव्यात म्हणून असे करत आहोत, पुढच्या आवृत्त्यांत ही सोय बहुधा राहणार नाही’ असा इशारा छापून येतो. वर्षे लोटली, सोय अजून आहे! पत्ताच दिला नाही आणि फक्त इंटरफेसचे नाव दिले, तर पहिला पत्ता काढला जाईल, असे मॅन्युअल सांगते. पहिला म्हणजे बहुधा प्रायमरीच. हा नियम कोणाच्या सोयीचा, ते कळणे कठीण आहे.

जुन्या आयएफकॉन्फिगमध्ये ईथ०:१ अशी उपनावे वापरतात. एकेकाळी ती वेगळ्या इंटरफेससारखी वागत. कर्नल २.२ (१९९९) पासून ती पत्त्याला लावलेली लेबले आहेत. म्हणून उपनाव ‘डाउन’ केले, की इंटरफेस बंद होत नाही, पत्ताच काढला जातो.

आयपीव्ही६मध्ये प्रायमरी-सेकंडरी असे नाते नाही. तिथली अडचण वेगळी आहे. इंटरफेस ‘डाउन’ केल्यावर आयपीव्ही४चे पत्ते टिकतात, पण आयपीव्ही६चे ग्लोबल पत्ते, वेगळी सेटिंग केली नसेल तर, जातात.

काढण्यापूर्वी ‘शो’ पाहावे, कमांडमध्ये मास्क पूर्ण लिहावा आणि लांबच्या यंत्राचा कन्सोल हाताशी ठेवावा. ‘आयपी’ किंवा आयएफकॉन्फिगने केलेले हे बदल फक्त चालू कर्नलमध्ये होतात. यंत्र रीबूट केले, की कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिलेले पत्ते आणि राउट परत येतात.